काच टिचली तेव्हा

६ जानेवारी

चि. भेगोबास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले की पोस्टमन आता माझ्या दाराकडे न बघताच पुढे जातो. तू धडधाकट आहेस असं मी धरून चालते. दिवसभर लोकांच्या भिंतींची नाडी बघणाऱ्या माणसाने बहिणीला दोन ओळी लिहाव्यात अशी काही सक्ती नाही, हे मला कळतं.

पत्रास कारण की, मी अडलेय. आमचा शाळकरी मुलांसाठीचा इंग्रजी-मराठी कोश 'सी' या अक्षरापर्यंत आलाय आणि तिथे एका टीचभर शब्दाने मला बसवून ठेवलंय. शब्द आहे 'चिंक'. एक अर्थ, बारीक अरुंद फट. दुसरा अर्थ, काचेला काच किंवा नाण्याला नाणं लागल्यावर होतो तो नाजूक आवाज. एकाच घरात हे दोन भाडेकरू कसे आले म्हणून जुने कोश काढून बसले. निघालं असं की मुळात ते दोन वेगळे शब्द, फक्त चेहरा सारखा. माणसांना हिणवायचा एक तिसरा अर्थही आहे. तो मुलांच्या कोशात नको, यावर आमच्या ऑफिसात एकमत झालं. असं इथे क्वचितच होतं.

आता संपादकसाहेबांनी पहिल्या अर्थापुढे फट, भेग, चीर, तडा असं सगळं एका दमात लिहून टाकलंय. मी म्हटलं, ही चार वेगळी माणसं आहेत, त्यांना एका खाटेवर झोपवू नका. त्यांनी विचारलं, फरक काय? आणि मला धड सांगता येईना. उगाच भांडले झालं. तुझी निम्मी हयात भेगांकडे टक लावून बघण्यात गेलीये, म्हणून तर घरात तुझं हे नाव पडलं. तू सांग.

जेवतोस ना वेळेवर? लग्नाचं मी आता विचारत नाही. दमले.

तुझा माझ्यावर जीव आहे असं लोक म्हणतात. लवकर उत्तर लिहून त्याला थोडा पुरावा दे.

तुझी,
ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टमनची नाराजी आज दूर होईल. मी बरा आहे, जेवतो आहे, आणि तू दमलीस हे वाचून मला अतिशय आनंद झाला.

तुझी चार माणसं ओळखीची आहेत माझ्या. भेग वरवरची. गिलावा वाळताना आकसला, जमीन सुकली, टाच फुटली, की भेग. तडा आरपार जातो. तो त्या वस्तूच्या जिवावर उठलेला असतो. चीर रेघेसारखी बारीक, बरेचदा कुणीतरी पाडलेली. आणि फट म्हणजे दोन गोष्टींच्या मधली मोकळी जागा. दार आणि चौकट, फळी आणि फळी. फटीतून उजेड येतो, वारा येतो, शेजाऱ्याची नजर येते. तुझ्या चिंकमधून पलीकडचं दिसत असेल तर 'फट' लिही आणि मोकळी हो.

हल्ली एका तंबू शिवण्याच्या कारखान्यात माझ्या फेऱ्या चालू आहेत. खाली कापडाचं गोदाम, वर लांबलचक दालन, तिथे बायका ओळीने मशिनवर बसलेल्या. जिन्याच्या भिंतीत वरून खाली तिरपी भेग आलीये. शेजारच्या मोकळ्या जागेत पाया खणताहेत, म्हणून मालकांना धाकधूक वाटली आणि त्यांनी मला बोलावलं. आमच्याकडे पहिला प्रश्न असा की भेग मेलेली आहे की जिवंत. मेलेली भेग पिढ्यान्‌पिढ्या तशीच पडून राहते. जिवंत असली तर वाढते. ते कळावं म्हणून भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला पक्की करायची. भिंत केसभर सरकली तरी काच तुटते. काचेला ताण अजिबात सोसत नाही.

पट्टी बसवताना तिथल्या मुकादमबाई कंबरेवर हात ठेवून बाजूला उभ्या होत्या. काच तुटली तर काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्या क्षणी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मला निरोप धाडायचा. त्यावर त्यांनी विचारलं, बाहेर कुठून पडायचं? ज्या भिंतीची भीती, तिच्याच अंगाला जिना आहे. मग आम्ही दोघं मिळून सगळं दालन फिरलो. मागच्या अंगाला माल वर ओढून घ्यायचं एक रुंद दार आहे, वर कप्पी लावलेली. बाईंनी ते उघडून खाली वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तडक कामाला निघून गेल्या. मला वाटलं रागावल्या. पण तसं नव्हतं. त्या विचारात होत्या, हे मला दुसऱ्या फेरीत कळलं.

तुझ्या मायेत भेग पडू देऊ नकोस. तडा तर नकोच.

तुझा,
भेगोबा

२८ जानेवारी

चि. भेगोबास,
अ. उ. आ. वि. वि.

'फट' मंजूर झाली. तुझा परिच्छेद मी संपादकसाहेबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, तुमच्या भावाला कोशात नोकरी देऊ. मी म्हटलं, त्याचं अक्षर बघून मग बोला.

दुसरा अर्थ मात्र माझा पिच्छा सोडत नाही. आपल्या भाषेत आवाजांना तोटा आहे का? किणकिण, खणखण, छनछन, खुळखुळ. पण बघ, सगळे जोडीने येतात. आपल्या भाषेला एकटा आवाज करमतच नाही. आणि हा इंग्रजी आवाज एकदाच होतो आणि विरतो. काल मी ऑफिसात दोन पेले घेऊन हलकेच एकमेकांना लावून बघत होते, तर साहेब चहा आला समजून खुर्ची ओढून बसले. एकट्या आवाजासाठी शब्द सुचला तर कळव. एकटं राहण्यातला तू जाणकार.

त्याच शब्दाचा आणखी एक वापर आहे. चिलखतातली फट, म्हणजे नेमकं जिथे वार लागू पडेल ती जागा. आपल्याकडे त्याला 'वर्म' हा खणखणीत शब्द आहे, तोच मी लिहिला. हे सांगायचं कारण, मी तुला विचारले चार शब्द आणि तू पाऊण पत्र लिहिलंस मुकादमबाईंवर. त्यांनी खाली वाकून बघितलं, मग तुझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं तुझं वर्म शोधत होते मी. असो. मी काही विचारत नाहीये.

थंडीत छाती झाकून हिंड. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा जास्त.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू काही विचारलेलं नाहीस, त्यामुळे मी काही उत्तर देत नाही. पण कारखान्यातली हकीकत सांगण्याजोगी आहे, म्हणून सांगतो.

काच अजून शाबूत आहे. पण मुकादमबाईंच्या मनात एक गोष्ट डाचत होती. सकाळी आणि संध्याकाळी पट्टी बघायची, असं मी म्हणालो होतो. मधे काच तुटली तर? जिन्यात सारखं जाऊन कोण बघणार, आणि इतक्या मशिनांच्या खडखडाटात काचेचा आवाज ऐकू कसा येणार? बाईंनी स्वतःच तोड काढली. दालनाचं जिन्याकडचं दार कायम उघडं ठेवलं, आणि अधूनमधून हात वर करून सगळी मशिनं थांबवायला लावतात. चार श्वास घ्यायला लागतात तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. मग हात खाली आला की पुन्हा खडखडाट सुरू.

पहिल्या दिवशी बायका हसून हसून बेजार. कुणी त्याला शाळेची प्रार्थना म्हणालं, कुणी म्हणालं बाईंना समाधी लागते. मालक तणतणत आले. बाईंनी शांतपणे त्यांना सांगितलं की दर थोड्या वेळाने मान आणि डोळे सैल सोडले की शिवण सरळ येते, हवं तर तंबू उलटून बघा. त्यांनी दोन तंबू उलटून बघितले आणि खाली गेले. शिवण खरंच सरळ होती.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. जाड ताडपत्री दुहेरी शिवून त्यांनी एक लांब पन्हळ बनवून घेतली. मागच्या दारापासून खाली अंगणापर्यंत ती ताणून बांधता येते. मग जेवणाच्या सुट्टीत एकेकीला त्यावरून घसरत खाली जायला लावलं. सगळ्यांत आधी स्वतः बसल्या. मी खाली एक टोक धरून उभा होतो. ताई, इतकी माणसं एकदम हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. पण सगळं झाल्यावर बाईंनी पन्हळीची शिवण बोटाने चाचपून एके ठिकाणी उसवली आणि पुन्हा घालायला दिली. कुणाला घाबरवायचं नाही आणि काही विसरायचंही नाही, हे एकाच माणसाला जमतं हे मला ठाऊक नव्हतं.

तो कारखाना माझ्या वाटेवर पडतो, म्हणून जाणं होतं. वाट कुठली ते विचारू नकोस.

तुझ्या पायांशी नमस्कार, आणि तुझ्या साहेबांच्या पेल्याला चहा मिळो.

तुझा,
भेगोबा

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पेपरात बातमी वाचून तू घाबरली असशील. आधी हेच लिहितो की कुणीही दगावलं नाही. मी ठीक आहे. अक्षर वाईट आहे ते पेनामुळे.

झालं ते असं. गेल्या आठवड्यात भर दुपारी बाईंनी नेहमीसारखा हात वर केला. मशिनं थांबली. कुणीतरी जांभई दिली. आणि त्या शांततेत जिन्यातून आवाज आला. एकदाच, अगदी बारीक. बायकांना विचारलं तर प्रत्येकीचं सांगणं वेगळं. कुणाला पेल्यावर चमचा लागल्यासारखं वाटलं, कुणाला ऐकूच आलं नाही. बाई जिन्याच्या दारापर्यंत जाऊन आल्या. पट्टीचे दोन तुकडे झाले होते आणि भेगेतून पलीकडचा उजेड दिसत होता. तुझ्या हिशेबाने ती आता फट झाली होती.

त्या परत आल्या आणि रोज धाग्याचा रंग सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, "काच टिचली. मशिनं सोडा, मागच्या दाराकडे चला."

कुणी पिशवी घ्यायला वळलं नाही. ताडपत्री दाराशीच गुंडाळून ठेवलेली होती. ती सोडली, गोदामातल्या माणसांनी खालून ताणून धरली आणि एकामागून एक सगळ्या उतरल्या. मी त्याच सुमाराला फाटकाशी पोचत होतो. एकजण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे बसायला तयार होईना. बाईंनी तिला तंबूच्या कापडात गुंडाळून, कप्पीच्या दोराने, बाळ पाळण्यात घालावं तसं खाली सोडलं.

मग खाली माणसं मोजली तर इस्त्रीवाल्या आजी नव्हत्या. त्यांची खोली जिन्याच्या पलीकडे आहे आणि कान अधू. खालून आम्ही ओरडलो, तोवर बाई दारातून दिसेनाशा झाल्या होत्या. त्या आजींचा हात धरून जिन्याच्या वरच्या टप्प्यावर आल्या आणि भिंत खचली. धूळ इतकी उडाली की बराच वेळ काही दिसेना.

दोघींना बाहेर काढण्यात आलं. आजींना खरचटलंसुद्धा नाही. इस्त्री चालू राहिली म्हणून त्यांच्या जिवाला घोर लागला होता. बाईंच्या पायाचं हाड मोडलंय. प्लास्टर घातलंय. मी रोज दवाखान्यात जाऊन येतो. मालकही तिथे भेटून गेले. आता गावाबाहेर नवं बैठं दालन घेतलंय म्हणे.

ताई, मी इतक्या वर्षांत शेकडो काचपट्ट्या बसवल्या. त्यांच्यावर इतका विश्वास ठेवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

आता लिहवत नाही. तुझी आठवण येते.

भेगोबा

९ मार्च

चि. भेगोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. साहेबांनी पाणी आणून दिलं आणि मग स्वतःच ते पत्र घेऊन खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी फक्त, या बाई कोण आहेत, एवढंच विचारलं.

तू घाईघाईत लिहून गेलास ते तुझ्या लक्षात आलं नसेल. 'काच टिचली.' टिचणं. तडा जाणं आणि त्याचा तो बारीक आवाज, दोन्ही त्या एका क्रियापदात आहेत, आणि एकदाच होतात. लहानपणापासून हा शब्द माझ्या तोंडात आहे आणि मी पेले वाजवत बसले होते. कोशात मी आता लिहिलंय, 'काच टिचल्यासारखा एकच बारीक आवाज'. साहेबांनी खोडलं नाही.

पण कोश राहू दे बाजूला. त्या बाईंना बारीक आवाज ऐकू आला, याचं मला तितकं नवल नाही. आवाज यायच्या आधी इतके दिवस त्या रोज हसू सोसत हात वर करत राहिल्या, त्याचं आहे. माझ्याने झालं नसतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं असतं, जाऊ दे.

आता तुझी उलटतपासणी. 'दोघींना बाहेर काढण्यात आलं.' ही सरकारी भाषा तू कधी शिकलास? कुणी काढलं? आणि अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय झालेत. पेन बदललंस की हात? मी भाषेवर पोट भरते, माझ्यापासून कर्ता लपवू नकोस.

सोबतचं बंद पाकीट मुकादमबाईंना दे. उघडू नकोस. त्यात तुझी निंदा आहे.

तू जवळ नाहीस, म्हणून आशीर्वाद पाकिटात घालून धाडतेय. तिथे पोचल्यावर डोक्यावर हात ठेवला असं समज.

तुझी,
ताई

४ एप्रिल

आदरणीय ताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण मला पत्र लिहायची सवय नाही. मी माणसांशी समोरासमोर बोलते. तुम्ही समोर नाही म्हणून कागदावर बोलते, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही माझं फार कौतुक केलंत. आमच्या बायकांना ते वाचून दाखवलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला समाधीबाई म्हणायचं पुन्हा सुरू केलं. नवं दालन चांगलं आहे. बैठं आहे, चारी बाजूंनी दारं. मी खुर्चीवर पाय लांब करून बसते आणि हुकूम सोडते.

तुम्ही मला विचारलंत की कुणी काढलं. तुमचे बंधू सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. भिंत खचली तेव्हा मी आणि आजी जिन्याच्या तुटक्या टप्प्यावर होतो. माझा पाय खाली अडकला होता. टप्पा एका तुळईवर कसाबसा टेकला होता आणि ती तुळई सरकत होती. खालून विटांच्या ढिगावरून हे चढून आले. अशी भिंत पुढे काय करते ते त्यांच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नव्हतं म्हणून मी आत गेले असं म्हणा. त्यांना ठाऊक असून ते आले. मी त्यांना जा म्हणून सांगितलं, जरा ओरडलेच. त्यांनी तुळईखाली उजवा खांदा दिला आणि म्हणाले, "हे मी धरलंय. आधी आजींना खाली द्या."

आजी गेल्या. मग माझा पाय सुटेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि सगळा वेळ चुना आणि सिमेंट यांतला फरक सांगत होते. मला वाटलं केवढा धीराचा माणूस. नंतर कळलं की दात वाजत होते, ते ऐकू येऊ नयेत म्हणून बोलत होते. त्यामुळे मला ते आणखीच धीराचे वाटले.

खांद्याच्या हाडाला इजा आहे. डॉक्टर म्हणाले बारीक भेग आहे. तर हे त्यांच्याशी वाद घालायला लागले, की भेग वरवरची असते, आरपार असेल तर तडा म्हणा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तडा म्हणा आणि सोडून द्या. हात गळ्यात अडकवलाय. तुम्हाला पत्र लिहिलं ते डाव्या हाताने. आता बरं आहे, काळजी नसावी.

दवाखान्यात ते रोज यायचे आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. एवढी काय भिंत बघायची असते, असं शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मला विचारलं. घरी आल्यावरही येतात. माझं लग्न झालेलं नाही, माझं मशिनशी लग्न लागलंय असं बायका म्हणतात. हे येतात, चहा घेतात, आमच्या छताच्या कोपऱ्यातली भेग मेलेली आहे असं सांगतात आणि जातात. परत येतात, ती अजून मेलेलीच आहे असं सांगतात. मी वाट बघितली. वाट बघायला मी कमी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण शेवटी शनिवारी मीच विचारलं, की पुढचं आयुष्य एका घरात काढायचं का.

ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. डोळे पुसले. आणि म्हणाले, "आधी ताईला लिहितो."

ते लिहितायत. पण डाव्या हाताने, आणि दर ओळीला खाडाखोड. ते पत्र तुम्हाला कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून मीच लिहून टाकलं. मी जास्त बोलते, आवाज मोठा आहे आणि दुसऱ्याने घातलेली शिवण मला पसंत पडत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुमचं उत्तर 'हो' असलं तर त्यांना कळवा. 'नाही' असलं तर मला कळवा. ऐकून घ्यायची मला सवय आहे, त्यांना नाही.

आपली ओळख अजून कोरी आहे. वापरून मऊ व्हावी, ही इच्छा.

आपली,
तंबूवाली मुकादम